बारावीनंतर संगीतात बी.ए. करावं का?

ताई, तुम्ही विचारलंय की तुमची मुलगी बारावी झालीय, गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा ही गायनाची परीक्षा पूर्ण केलीय, आता तिला कोल्हापुरात राहून गायनातच बी.ए. करायचंय. आणि तिचे काका म्हणतात, 'गाणं क्लासला शीक, डिग्री दुसऱ्या विषयाची घे.' माझं मत विचाराल तर घेऊ दे तिला संगीत. फक्त डिग्रीनं गवई तयार होत नाही, एवढं घरात आधीच ठरवून टाका.

सेमिस्टरचा जीव असतो केवढा! यमन जरा कुठं बसतोय तोवर भीमपलास येतो, त्याच्या मागोमाग बागेश्री. बडा ख्याल (विलंबित म्हणजे संथ लयीतला), छोटा ख्याल (जलद लयीतला), चार आलाप, चार ताना, तोंडी परीक्षा, की पुढचा राग. आपलं कोल्हापूर हे शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गवई अल्लादियाखाँसाहेबांचं गाव. त्यांच्या जयपूर घराण्याचा, म्हणजे गायनपरंपरेचा, नायकी कानडा किंवा बसंती केदार हा राग पेपरात लिहून मार्क पडतील, पण गळ्यात यायला समोर बसवून, चुकलं की थांबवणारं माणूसच लागतं. मल्लिकार्जुन मन्सूरांसारख्या तयार गायकानंसुद्धा आपले गुरू मंजीखाँसाहेब गेल्यावर त्यांचे भाऊ भुर्जीखाँसाहेबांकडं तालीम घेतली; दोघंही अल्लादियाखाँसाहेबांचेच मुलगे. तेव्हा तिचे आत्ताचे गुरुजी कॉलेज लागलं म्हणून सोडू नका. सकाळचा रियाज आणि आठवड्याची तालीम चालूच ठेवा.

मग डिग्री कशाला? तालासाठी, हे माझं पहिलं उत्तर. घरी तानपुऱ्याच्या ॲपवर गायलेल्या पोरांना हातावर टाळी देत विलंबित एकतालाची दुगुन, चौगुन (दुप्पट, चौपट लय) म्हणायला सांगा, निम्मी तिथंच गळतात. वर्गात रोज तबल्याबरोबर गावं लागतं. शिवाय भातखंडे आणि पलुस्कर दोन्ही स्वरलिपी (गाणं लिहून ठेवायच्या पद्धती), घराण्यांचा इतिहास, वाद्यांची ओळख हे एकट्यानं कोणी नेटानं वाचत नाही.

काकांच्या काळजीचं म्हणाल तर पदवी ती पदवीच. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो त्या स्पर्धा परीक्षा तिला खुल्या राहतात. कॉलेजात शिकवायचं असेल तर पुढं एम.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. नेटला खुल्या गटात एम.ए.ला ५५ टक्के लागतात. नुसत्या मैफलींवर घर चालवायचं स्वप्न मात्र या हिशेबात धरू नका.

प्रवेशाआधी एक काम करा. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि परवानगी काढून प्रॅक्टिकलच्या तासाला मागं जाऊन बसा. तानपुरे जुळलेले आहेत की भिंतीला टेकवून धूळ खातायत? तबलजी रोज येतात की परीक्षेपुरते? गाणं शिकवणारे स्वतः गाऊन दाखवतात की वहीत उतरवून देतात? शिवाजी विद्यापीठाचा विभाग असो नाहीतर एखादं संलग्न कॉलेज, निवड यावरच करा. मिरज आपल्याला जवळ आहे, त्यामुळं जमेल तेव्हा तिथल्या कारागिराकडून तिचा स्वतःचा तानपुरा घ्या. आणि प्रवेशाच्या वेळी गायला सांगितलं, तर तिनं भावगीत काढू नये. मध्यमेचा जो राग सगळ्यात पक्का असेल, त्यातला विलंबित ख्याल गावा.