तक्रार नसली तरी ईसीजी

अगं, तुझा मेसेज वाचून आधी चिडलोच. ‘सर, मायोटोनिक डिस्ट्रॉफीवर औषध नाही, मग पेशंटला दरवर्षी गावाहून बोलवायचं कशाला?’

ईसीजी काढायला! छातीत काहीही होत नसलं तरी.

अंगठ्याच्या बुडाशी हातोडी मारल्यावर अंगठा आत वळला आणि तिथेच अडकून राहिला, हे तू झकास टिपलंस. मायोटोनिक डिस्ट्रॉफीच आहे, आवळलेले स्नायू चटकन न सुटणारा आणि हळूहळू दुबळे होत जाणारा आनुवंशिक आजार. पण तू हातापाशीच थांबलीस. यात हृदयाची वहनयंत्रणाही, म्हणजे ठोक्याचा विद्युत संदेश नेणारी वाटही बिघडते, तेही मुकाट्याने. चालता-बोलता माणूस एक दिवस कोसळतो. ईसीजीवरचा पीआर (तो संदेश हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांपर्यंत पोचायचा वेळ) २४० मिलिसेकंदांच्या किंवा क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत तो पसरायचा वेळ) १२०च्या पुढे गेला, की ताबडतोब हृदयतज्ज्ञाकडे पाठव. पेसमेकर की झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारा डीफिब्रिलेटर, ते तो बघेल.

२०१८मध्ये पाश्चात्त्य तज्ज्ञांनी प्रौढ रुग्णांसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यातल्या निम्म्या आपल्या ओपीडीत जमायच्या नाहीत, कबूल. ईसीजी तर तालुक्यालाही निघतो ना? मुठीच्या ताठरपणासाठी मेक्सिलेटिन या गोळीचं विचारलंस. आधी ईसीजी. वहनात अडथळा असेल तर ते नकोच.

आणि भुलीचं कार्ड, भूल देणाऱ्या डॉक्टरला दाखवायला. सक्सिनिलकोलिन (भूल देताना स्नायू सैल करणारं औषध) टाळा, मॉर्फिन आणि झोपेची औषधं बेताने, ऑपरेशननंतर श्वासावर लक्ष ठेवा, हे मराठीत आणि इंग्रजीत लिहून दे. माझ्या एका पेशंटचं हर्नियाचं ऑपरेशन दुसरीकडे झालं. मी दिलेली चिठ्ठी घरी कपाटात. ऑपरेशन उत्तम झालं आणि रात्री वॉर्डात श्वास मंदावला. तो गेला. तेव्हापासून मी कार्ड माझ्यासमोर पाकिटात घालायला लावतो. म्हातारा चक्रम आहे म्हणतात, म्हणू देत. घाबरवतो म्हणतात, तेही चालेल.

तुझ्या पेशंटच्या केसपेपरवर ‘आळशी, दिवसा झोपतो’ लिहिलंयस, ते खोड. ती झोपही आजाराचाच भाग आहे. रात्रीचा श्वास तपासायला हवा.

त्याच्या आईला कमी वयात मोतीबिंदू झाला, हे तू ओझरतं लिहिलंस! तो मोतीबिंदूही याच आजाराची खूण असू शकते, म्हणजे आजार तिच्याकडून आलेला असू शकतो. तिचा हात हातात घे, मूठ सुटायला किती वेळ लागतो बघ. त्याच्या बहिणीचं लग्न ठरतंय ना? आईला आजार असेल तर बहिणीलाही असण्याची शक्यता निम्मी, आणि आईकडून बाळाला तो जन्मतःच, फार तीव्र होऊ शकतो. तिला जनुकीय सल्ल्याला पाठव, सासरच्यांदेखत मात्र बोलू नकोस.

आईचा ईसीजी उद्याच काढ. ‘तिला काही त्रास नाही सर’ हे मला ऐकायचं नाही. पूर्ण पट्टीचा फोटो पाठव; मागच्या वेळी लीड टू, म्हणजे पट्टीतली एक ओळच, कापला होतास.