पाच लाखांत जुनी स्पोर्ट्स कार: सोलापुरात घ्यावी का, आणि घेतली तर सांभाळावी कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २८, चिंचोळी एमआयडीसीत नोकरी, हातात पाच लाख रोख. कलबुर्गीत २०१६ ची फियाटची पुंटो अबार्थ साडेचार लाखांत मिळतेय. वडील म्हणतात स्विफ्ट घे. काय करू?

साडेचारला घेऊ नका. गाडीत खोट आहे म्हणून नाही, ती मी पाहिलेलीही नाही. पण ती घेतल्यावर तुमच्याकडे पन्नास हजार उरतात आणि ते टायर, विमा आणि कागदांतच संपतील. त्यानंतर पहिला मोठा खर्च आला की गाडी बोळात ताडपत्रीखाली उभी. अशा ताडपत्रीखालच्या तीन गाड्या मला आपल्याच गावात माहीत आहेत. तिन्ही मालकांनी गाडी हौसेनं आणली होती आणि तिघांनीही खिसा पूर्ण रिकामा करून आणली होती.

मी स्वतः चार वर्षं फियाट लिनिया टी-जेट वापरतोय. तुमच्या अबार्थमध्ये आहे त्याच घराण्यातलं १.४ लिटरचं टर्बो इंजिन. माझ्या गाडीची ताकद ११४ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर), अबार्थची १४५. स्पोर्ट्स कार म्हटल्यावर डोळ्यांसमोर दोन सीटची, छत उघडणारी गाडी येते, पण आपल्या बजेटात ती विसरा. पाच लाखांत मिळते ती दिसायला साधी आणि पळायला वेडी गाडी. मला तर तेच आवडतं. सिग्नलला शेजारचा फॉर्च्युनरवाला आपल्याकडे बघतही नाही.

माझा हिशोब सांगतो. गाडी पुण्यातून घेतली २ लाख ६० हजारांना. पहिल्या बारा महिन्यांत तिच्यावर १ लाख १८ हजार घातले. त्यात चार टायर २६ हजार, टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप मिळून १७ हजार, सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड आणि लोअर आर्म २४ हजार, रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि सगळे होज १९ हजार, बॅटरी आणि ब्रेक पॅड १२ हजार, बाकी किरकोळ. दुसऱ्या वर्षी मात्र फक्त ३१ हजार. म्हणजे पहिल्या वर्षी मी माझी गाडी दुरुस्त करतच नव्हतो, मागच्या मालकानं पुढे ढकललेली कामं उरकत होतो. म्हणून माझा हिशोब साधा आहे: पाच असतील तर गाडीला साडेतीन, फार तर तीन साठ. उरलेले वेगळ्या खात्यात टाका आणि बायकोला (लग्न झालं नसेल तर आईला) त्या खात्याबद्दल सांगून ठेवा, म्हणजे मोबाईलवर उडणार नाहीत.

रेडिएटरची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती सोलापूरची आहे. मे महिना, पुण्याहून परत येत होतो. मोहोळ मागे पडलं आणि तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून वर सरकायला लागला. आधी वाटलं ऊन आहे, होतं असं. सावळेश्वरचा टोल येईपर्यंत काटा लालच्या जवळ. एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर फुल्ल सोडला, कारण हीटर इंजिनची उष्णता ओढून आत आणतो. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस आणि पायांवर हीटर. बायकोनं ओढणी ओली करून पोराच्या डोक्यावर टाकली आणि माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तशीच हळूहळू गाडी जुना पुणे नाक्यापर्यंत आणली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी (आमचे मिस्त्री, चाळीस वर्षं अशोक चौकाच्या बाजूला) गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि बाहेर काढून मला दाखवलं. बोटावर पांढरट-तांबूस चिखल. "मालक, बोअरचं पाणी घालत होते की ह्यात. गाडी हाय का बंब?" बंबाच्या तळाशी जसा क्षार धरतो तसाच आत धरलेला, नळ्या निम्म्या बुजलेल्या, थर्मोस्टॅट अर्धवट उघडून अडकलेला. विकणाऱ्यानं मात्र दाखवायच्या आधी वरच्या टाकीत ताजं हिरवं कूलंट ओतून ठेवलं होतं. मी हिरवा रंग बघितला आणि खूश झालो.

आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, बाकीचे दिवस बोअरवर. त्यामुळे रेडिएटरमध्ये मग्गाभर पाणी ओतायची सवय हाताला लागलेली असते. टर्बो गाडीला ते अजिबात चालत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं, दोन वर्षांनी पूर्ण बदल, बस. गाडी बघायला जाल तेव्हा नुसता कूलंटचा रंग बघू नका. इंजिन गार असताना झाकण उघडा आणि बोट घाला.

टर्बोचं म्हणाल तर त्याच्याभोवती उगाच भीती आहे. टर्बाइन मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि त्याची बेअरिंग इंजिन ऑइलवर तरंगते. हायवेवर दामटवून आणून घरासमोर लगेच चावी काढली की तिथलं ऑइल जागेवरच जळून कडक होतं. म्हणून शेवटचे दोन किलोमीटर निवांत चालवायची आणि थांबल्यावर मिनिटभर चालू ठेवायची. फुल्ली सिंथेटिक ऑइल, ग्रेड पुस्तकात असेल तोच, आणि पंधरा हजार किलोमीटरची वाट न बघता सात-आठ हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदलायचं. एवढं केलं तर टर्बो फार त्रास देत नाही. टायमिंग बेल्टचं मात्र मनावर घ्या. या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हना भिडतात आणि इंजिन उघडावं लागतं. मालक म्हणाला "बदललाय", तर बिल मागा. बिल नाही म्हणजे बदललेला नाही असं धरून तेवढे पैसे किमतीतून कमी करा.

आता पार्ट्स, कारण खरी अडचण तीच. फियाटनं इथे गाड्या बनवणं २०१९ मध्ये थांबवलं. त्यांचं १.३ मल्टिजेट डिझेल स्विफ्टमध्येही होतं, टाटाच्या व्हिस्टातही होतं, त्यामुळे त्याचं सामान अजून कुठेही मिळतं. टी-जेट पेट्रोलचं तसं नाही. माझे पार्ट्स पुण्याहून किंवा दिल्लीच्या काश्मीरी गेटहून मागवावे लागतात. पुण्याचं पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतं आणि पहाटे सात रस्त्याला झोपाळलेल्या डोळ्यांनी उतरवून घ्यायचं. एकदा थ्रॉटलच्या एका पार्टसाठी गाडी अकरा दिवस उभी होती. त्या अकरा दिवसांत ऑफिसला जायला घरात दुसरी गाडी, निदान चालू स्थितीतली दुचाकी, असेल तरच अबार्थच्या नादी लागा.

तुमचं ऑफिसला जाणं याच एका गाडीवर असेल तर माझं मत वेगळं. मग बलेनो आरएस शोधा. मारुतीनं ती २०१७ ते २०२० एवढीच विकली, १.० लिटर बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक, पाच गिअर. अबार्थचा वेडेपणा तिच्यात नाही, पण वजन कमी असल्यामुळे पळते छान आणि बऱ्याचशा बॉडी पार्ट्सना साध्या बलेनोचं सामान चालतं. शिवाय पुढे मारुतीचा लोगो असल्यामुळे वडील निम्मे गप्प बसतील.

पोलो जीटी टीएसआयही तुम्हाला चार लाखांच्या आत दिसेल. चालवायला सुरेख गाडी. पण तिचा सात स्पीडचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स ड्राय क्लचचा, म्हणजे क्लचला ऑइलचा गारवा नसलेला आहे, आणि नवी पेठेत सणाच्या गर्दीत इंच-इंच सरकताना तो तापतो. मेकाट्रॉनिक युनिट (गिअर आणि क्लच चालवणारा त्याचा मेंदू) गेलं तर एका बिलात लाखाच्या पुढे जाता. ती बघायला जाल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, चढावर, गरम गाडी रेंगाळत चालवून बघा. धक्का, थरथर जाणवली की नमस्कार करून निघा.

आता कलबुर्गीच्या गाडीकडे येऊ. केए-३२ पासिंगची गाडी स्वस्त का वाटते ते लक्षात घ्या. तिथून एनओसी (फॉर्म २८) आणायची, इथे एमएच-१३ करून घ्यायची आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरायचा. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण शून्य होत नाही. मागच्या मालकानं कर्नाटकात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण अर्ज तिकडे करावा लागतो, म्हणजे तुमच्या रजा गेल्या. 'केएवरच फिरवू, कोण विचारतंय' असं सांगणारे भेटतील. कायद्यानं बारा महिन्यांच्या वर तसं चालत नाही. विमा चौदा दिवसांत नावावर करा. आणि मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं परिवहनच्या ॲपवर घरबसल्या दिसतात, जायच्या आधीच बघून घ्या.

गाडी आधी हैदराबादला होती का हेही विचारा. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथे पाणी भरलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी सांगली-कोल्हापुरात. बुडालेली गाडी धुऊन, परफ्यूम मारून शेजारच्या जिल्ह्यांत खपवली जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. नेहमी आत गुंडाळलेला असतो तो भाग कुणी धुवत नाही. तिथे मातीची रेघ दिसली की विषय संपला. डिकीतला स्टेपनीचा खड्डाही बघा.

सोबत हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड मोबाईलवर दाखवणारा) न्या. एरर नाही म्हणून हुरळू नका. त्यात 'रेडिनेस' नावाचं पान असतं. तिथं बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या तर तुम्ही यायच्या आधीच कुणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष; नक्षी कितीही चांगली असली तरी सहा वर्षांपूर्वीचा टायर आपल्या उन्हात दगड झालेला असतो. पेट्रोलचे रबरी पाईप वाकवून तडे बघा. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि २०१६ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. माझे दोन पाईप मी बिघडायच्या आधीच बदलले, आठशे रुपयांत.

रीमॅप केलेली (पॉवरसाठी इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेली), मोठा सायलेन्सर लावलेली गाडी असेल तर मी तरी घेणार नाही. ज्यानं पॉवर वाढवायला पैसे घातले त्यानं सहसा ती ताणलेलीही असते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

बाकी सोलापुरात चालवायची कुठे, तर रविवारी पहाटे पुणे रस्ता. ऊस हंगामात रात्री नाही म्हणजे नाही. मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अबार्थ नेहमीच्या पुंटोपेक्षा खाली बसते, गावागावांतले हातानं घातलेले स्पीडब्रेकर तिरकेच घ्यावे लागतील.

जायचं तर रविवारी सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या रात्री एकच सांगा: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर हात मिळवायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा. गार असेल तर पुढचं सगळं करा, सगळं ठीक निघालं तर तीन साठ म्हणा आणि गप्प बसा. "आत्ताच धुवून आणली" असं म्हणाला आणि पत्रा कोमट लागला, तर चहा घेऊन निघा. येताना अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घ्या, म्हणजे पेट्रोल वाया गेलं असं वडिलांना म्हणता येणार नाही.