टॉलर, मोअर टॉल आणि आपला 'पेक्षा'

मुलगी पाचवीत आहे. 'टॉल'चं टॉलर, मग 'ब्यूटिफुल'चं ब्यूटिफुलर का नाही, असं विचारते. काय सांगू? (पालक, सातारा)

टाळ्या वाजवायला सांगा. 'टॉल'ला एकच टाळी बसते, 'ब्यू-टि-फुल'ला तीन. एका टाळीच्या शब्दाला मागून 'अर' चिकटतो, तीन आणि त्याहून जास्त टाळ्यांच्या शब्दाआधी 'मोअर' येतं. स्पेलिंग मोजू नका. 'स्ट्रेंज'मध्ये सात अक्षरं आहेत, पण टाळी एकच, म्हणून स्ट्रेंजर.

घोळ आहे तो दोन टाळ्यांचा. 'हॅपी', 'इझी' यांचं हॅपिअर, इझिअर होतं. 'केअरफुल', 'यूसलेस' यांना मोअरच. 'क्लेव्हर', 'नॅरो', 'क्वायट', 'सिंपल' यांना दोन्ही चालतं, त्यामुळे 'मोअर क्लेव्हर'वर कोणी लाल रेघ मारली असेल तर ती रेघच चुकली आहे. 'बोअर्ड', 'टायर्ड' क्रियापदांवरून आलेले, ते कितीही आखूड असले तरी मोअर घेतात.

'शी इज व्हेरी टॉलर दॅन मी' म्हटल्यावर वर्गात सगळे हसले. चूक काय झाली? (बारावीचा विद्यार्थी, बीड)

चूक मराठीतून आली, आणि हसणाऱ्यांपैकी निम्मे तरी ती करत असतील. 'ती उंच आहे', 'ती माझ्यापेक्षा उंच आहे'. 'उंच' जागचं हललं का? सगळं ओझं 'पेक्षा' वाहतो. म्हणूनच आपण 'शी इज टॉल दॅन मी' असंही बोलून जातो. 'खूप'चं तसंच. 'खूप उंच' आणि 'माझ्यापेक्षा खूप उंच', दोन्हीकडे तोच शब्द. इंग्रजीत 'व्हेरी' फक्त साध्या रूपाला लागतं, व्हेरी टॉल. तुलना आली की 'मच टॉलर' किंवा 'अ लॉट टॉलर'. थोडीच उंच असेल तर 'अ बिट टॉलर'.

जाता जाता, 'मोअर बेटर'ही नको, 'बेटर'च्या पोटात 'मोअर' आहेच. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मध्ये अँटनी 'मोस्ट अनकाइंडेस्ट' म्हणतो खरा, पण तो दाखला देऊन बोर्डात मार्क मिळत नाहीत.

'माय ब्रदर इज एल्डर टू मी' बरोबर ना? सगळे तसंच म्हणतात. (गृहिणी, ठाणे)

आपल्याकडे म्हणतात, पण अर्जात किंवा मुलाखतीत 'ओल्डर दॅन मी' म्हणा. 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर' ही लॅटिनमधली तुलनेची रूपं, त्यांच्यापुढे 'टू' येतं. 'एल्डर' अस्सल इंग्रजी, त्याला तो 'टू' आपण उसना दिला. 'माय एल्डर ब्रदर' मात्र बिनधास्त म्हणा.

'यंगर'मधला 'ग' उच्चारायचा का?

हो. इंग्रज 'यंग', 'लाँग' म्हणताना शेवटचा 'ग' गिळतात, 'यंगर', 'लाँगर'मध्ये तो स्पष्ट येतो. 'सिंगर'मध्ये पुन्हा गिळतात, कारण तिथला 'अर' तुलनेचा नाही, गाणाऱ्याचा आहे.

'ही वॉज मोअर सॅड दॅन अँग्री' असं वाचलं. 'सॅडर' हवं ना? (निवृत्त कारकून, कोल्हापूर)

नको. 'सॅडर' म्हटलं की दुसऱ्या कोणापेक्षा तरी दुःखी. इथे माणूस एकच, त्याच्या मनातल्या दोन भावनांचं वजन होतंय, आणि अशा वेळी एका टाळीच्या शब्दालाही 'मोअर' लागतं. मराठीत करून बघा: 'त्याला रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं.' इथे आपलंही नुसत्या 'पेक्षा'वर भागलं नाही, 'जास्त' आणावंच लागलं.