भीती मराठीत, प्रसंग परक्या भाषेत: पहिल्यावेळची गोष्ट कशी रचावी

पाळणाघराच्या दारात तीन वर्षांच्या मुलाने भोकाड पसरलं की आपल्या तोंडून दोन वाक्यं हमखास निघतात. “अरे, काही नाही होत,” आणि “शहाणी बाळं अशी रडतात का?” दोन्ही वाया जातात. पहिलं मुलाला पटत नाही, कारण त्याच्या पोटात आत्ता, या क्षणी, काहीतरी होतंच आहे. दुसऱ्याने भीती जात नाही, फक्त ती लपवायची असते एवढं कळतं.

लहान मुलाला पहिल्यांदा घडणाऱ्या प्रसंगात सर्वांत जास्त छळतं ते ‘आता पुढे काय?’ हे न कळणं. आपण रोजच्या अनुभवातून अंदाज बांधतो, त्याच्याकडे तो साठा नसतो. गोष्ट हा साठा आगाऊ पुरवते, पण मुलाने नुसती ऐकली तर फार थोडा. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मुलांबरोबर पुस्तक वाचण्याची एक पद्धत मांडली. तिचं सूत्र साधं आहे: हळूहळू मूल सांगणारं व्हावं आणि मोठ्याने ऐकणारं. ती पद्धत मुळात भाषावाढीसाठी होती, पण घाबरलेल्या मुलाला तर ती फारच लागू पडते. ज्या गोष्टीत पुढचं पाऊल मूल स्वतः ठरवतं, ती त्याच्या ताब्यातली होते.

परदेशातल्या मराठी घरात एक जास्तीची अडचण असते. मूल घाबरतं मराठीत, आणि घाबरवणारा प्रसंग घडतो दुसऱ्याच भाषेत. घरी “शू” म्हटलं की सगळे धावतात, तिथे “शू” म्हटलं तर कोणी ढिम्म हलत नाही. त्यामुळे विकत आणलेलं चित्रांचं पुस्तक, मग ते कुठल्याही भाषेतलं असो, इथे अर्धंच काम करतं. गोष्ट घरीच बनवावी लागते. घाबरू नका, सहा ते आठ पानं पुरतात आणि चित्रकला यावी लागत नाही.

आधी माहिती जमवा. पाळणाघर असेल तर मुलाला घेऊन किंवा एकट्याने एकदा जाऊन या. दार कोणत्या रंगाचं, बॅग कुठे अडकवतात, बाथरूम किती लांब, दिवसाचा क्रम काय, निरोप कुठे घ्यायचा, हे विचारा. रिकाम्या खोल्यांचे फोटो काढायची परवानगी मागा. इतर मुलं फोटोत येऊ देऊ नका. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी सगळेच टिपतात. राहून जातात ते आवाज, वास आणि स्पर्श, आणि मुलं बिचकतात ती बहुतेक यांनाच: केस कापायच्या मशीनची मानेवरची गुणगुण, दवाखान्यातला स्पिरिटचा वास, पोहण्याच्या तलावावरचा घुमणारा गोंगाट. फोटो कागदावर छापून घ्या. फोनवर गोष्ट सांगायला घेतली की दुसऱ्या मिनिटाला कार्टूनची मागणी येते.

दोन वर्षांच्या मुलाला चार चित्रं आणि चार वाक्यं बास. तीन-चार वर्षांच्याला सहा ते आठ पानं, एका पानावर एक वाक्य, फार तर दोन. नायक मुलाच्याच नावाचा नको. अंगावर आल्यासारखं होतं. घरातलं लाडकं खेळणं घ्या. समजा, पिटू नावाचं अस्वल आहे. गोष्ट अशी चालेल:

“पिटूच्या शाळेचं दार निळं आहे. आत गेलं की भिंतीला खुंट्या आहेत. पिटू आपली बॅग...” इथे थांबा. मनात पाच आकडे मोजा. मुलाने “खुंटीवर” म्हटलं किंवा नुसतं बोट दाखवलं तरी झालं. “हो, लाल खुंटीवर अडकवतो.” मुलाच्या शब्दात आपला एखादाच शब्द मिसळायचा आणि त्याला तो पुन्हा म्हणू द्यायचा. “बाबा पापी घेतात, हात हलवतात आणि जातात. पिटूच्या पोटात कसंतरी होतं. आता पिटू काय करेल? खिशातला बाबांचा रुमाल धरेल, की शाळेतल्या ताईजवळ जाऊन बसेल?” मुलाने निवडलेलं पान उलटा. “मग खेळ. मग खाऊ. मग झोप. झोप झाली, बूट घातले, की दारात कोण?”

यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पोटात कसंतरी होतं हे गोष्टीने लपवलेलं नाही. पर्याय दोनच आहेत आणि दोन्ही तिथे खरोखर मिळणारे आहेत. शाळेत जायचं की नाही, हा पर्याय गोष्टीत कधीच ठेवू नये, कारण “नको” आलं की आपली पंचाईत होते. आणि बाबा कधी येणार हे घड्याळात सांगितलेलं नाही. चार वाजता म्हणजे काय हे त्या वयात कळत नाही, “झोप झाली की” कळतं. मात्र तिथे झोपेनंतर आणखी काही असेल तर तेही घाला, नाहीतर मूल उठल्यापासून दाराकडे डोळे लावून बसेल.

आता भाषा. गोष्ट मराठीतच सांगा, पण गोष्टीतली ताई तिच्या भाषेत बोलू दे. तिच्या तोंडी तिथे खरोखर ऐकू येणारी चार-पाच वाक्यंच घाला: ये, बस, हात धू, आता बाहेर जाऊ या. आवाज थोडा बदलून म्हणा, म्हणजे मुलाला गंमत वाटते आणि कानाला सवय होते. उलट बाजूने मुलाला पाच शब्द द्या: पाणी, शू, दुखतंय, नको, मदत. ते पिटूच्या तोंडून वदवून घ्या. ताईसाठी एक चिठ्ठी करा, तिच्या लिपीत, मुलाच्या घरगुती शब्दांची: शू, शी, बाऊ, गाई, भू. प्रत्येकापुढे अर्थ. “आई गं!” हेही लिहा, ते दुखल्याचं आहे, दर वेळी आईला बोलावलेलं नसतं, हे तिला कसं कळणार? ही चिठ्ठी दहा मिनिटांचं काम आहे आणि ती न दिल्यामुळे ओली चड्डी घेऊन घरी येणारी मुलं पुष्कळ.

नव्या भाषेत टाकलेलं मूल पहिले काही आठवडे, कधी काही महिने, तिथे गप्प राहू शकतं. ऐकतं, खेळतं, पण बोलत नाही. ही भीतीच असते असं नाही, बऱ्याचदा ते शब्द साठवत असतं. “घरी मराठी बोलणं थांबवा” असा सल्ला कोणी दिला तर तो मानायचं कारण नाही. घाबरलेल्या मुलाकडून त्याची दिलाशाची भाषा काढून घेण्यात कसलं शहाणपण?

मुलाने “पिटू दाराला लाथ मारतो आणि पळून जातो” असं सांगितलं तर दुरुस्ती करू नका. “बरं, मग?” एवढंच विचारा. “मग त्याला घर सापडत नाही,” असं आलं, तर नेमकी भीती हाताला लागली: हरवण्याची. रडण्यामागे काय आहे हे सरळ विचारून तीन वर्षांचं मूल सांगू शकत नाही, अस्वलाच्या नावावर मात्र बिनदिक्कत सांगतं. मग एक पान वाढवायचं: बाबांना शाळेचा रस्ता माहीत आहे.

गोष्ट किती आधी सुरू करायची? दोन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी आणि त्या दिवशी. तीन-चार वर्षांच्याला तीन-चार दिवस आधी. पाच-सहा वर्षांच्याला आठवडाभर. त्याहून आधी सांगितलं तर नुसती वाट पाहण्यातच भीती मुरते. दिवसातून एकदा, पाच-सात मिनिटं, आणि शक्यतो दिवसाउजेडी. झोपताना नको. इंजेक्शनची गोष्ट ऐकवून दिवा मालवला की पुढचं काम अंधार करतो.

इंजेक्शनच्या गोष्टीत “दुखणार नाही” हे वाक्य कधीही नको. एकदा हे खोटं पडलं की पुढच्या सगळ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो. “टोचेल. मग पिटू लांब फुंकर मारेल. मग पट्टी.” इतकं सरळ सांगा. फुंकरीचा सराव साबणाच्या फुग्यांवर करा. लांब श्वास सोडताना अंग सैल पडतं आणि लक्षही वळतं. दवाखान्यात मुलाला टेबलावर आडवं दाबून धरण्यापेक्षा मांडीवर सरळ बसवून छातीशी धरावं, आणि गोष्टीतही पिटू तसाच बसलेला दाखवावा. त्वचा बधिर करणारं मलम मिळतं, पण ते बरंच आधी, साधारण तासभर, लावावं लागतं. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. प्रत्यक्ष क्षणी “काही नाही हं, झालं हं, सॉरी हं” असा जप लावू नका. मुलाला त्यातून एवढंच कळतं की मोठी माणसंही घाबरली आहेत.

मग खेळून बघा. औषध मोजायची बिनसुईची सिरिंज, कापूस आणि स्टिकर एवढं पुरे. आधी मूल डॉक्टर आणि पिटू पेशंट, नंतर तुम्ही पेशंट, शेवटी मूल. हा क्रम उलटा करू नका. पेशंट झालेल्या बाबांनी थोडं “आई गं!” करावं आणि मग फुंकर मारावी, अगदी शूरवीर बाबा इथे उपयोगाचा नाही.

काही भीती एका गोष्टीत संपत नाहीत, पायऱ्या लागतात. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या छोट्या मुलावर केलेलं काम प्रसिद्ध केलं: त्याला आवडीचं खायला देत ससा रोज थोडा थोडा जवळ आणायचा. आजही रीत तीच. सार्वजनिक स्वच्छतागृहातला आपोआप उसळणारा फ्लश घ्या. त्या वयात यंत्रंही जिवंत वाटतात, त्यामुळे तो राक्षसच. पहिल्या दिवशी फक्त दाराबाहेरून आवाज ऐकायचा. मग दार किलकिलं. मग आत, कानावर हात ठेवून. मग बसायचं, आणि पिटूच्या हातात चिकटणारी कागदाची चिठ्ठी: ती सेन्सरवर चिकटवली की फ्लश बहुतेक वेळा गप्प राहतो. उठल्यावर चिठ्ठी कोण काढणार, हे मूल ठरवणार. एका पायरीवर मूल सैलावलं तरच पुढची. बिघडलं तर एक पायरी मागे, घरी पळ काढायचा नाही. घाबरलं की सुटका, हे गणित एकदा पक्कं झालं की भीती वाढत जाते. न्हाणीघरातल्या मोरीतून वाहून जाण्याची भीती तर समजुतीने जातच नाही. चेंडू मोरीच्या तोंडावर ठेवा आणि अडकतो ते मुलालाच बघू दे.

व्हिडिओ कॉलवरच्या आजी-आजोबांना एक काम द्या. त्यांनी गोष्ट सांगायची नाही, मुलाकडून ऐकायची, आणि मुद्दाम चुकायचं. “पिटूने बॅग झाडावर अडकवली ना?” “नाही गं आजी, खुंटीवर!” मुलाला समजावून सांगायला दुसरं इतकं भाबडं गिऱ्हाईक मिळणार नाही. मात्र आधी त्यांना हळूच सांगून ठेवा: “घाबरू नकोस हं बाळा” नको, “रडलास का रे?” नको, आणि “ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील” हे तर कुणीच म्हणायचं नाही. बागुलबुवाच्या जागी डॉक्टर, पोलीस आणि शाळेतल्या बाई उभ्या करायची आपल्याकडची सवय सगळी गोष्ट पाण्यात घालवते.

ऐन दिवशी गोष्टीप्रमाणे घडलं नाही तर? ओळखीची ताई रजेवर असते, निळ्या दाराला दुसरा रंग लागलेला असतो. म्हणून गोष्टीत आधीच “बहुतेक” आणि “कधी कधी” पेरून ठेवा. शिक्षिका कॅरल ग्रे यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी अशा छोट्या गोष्टींचा साचा घालून दिला, त्यातही हे जपलेलं आहे. काय करायचं हे सांगणारी वाक्यं कमी आणि काय घडतं हे सांगणारी जास्त, हेही तिथलंच. निरोप मात्र बदलायचा नाही. पापी, हात, जाणे. मूल खेळात रमलंय बघून गुपचूप सटकणं त्या सकाळपुरतं सोपं जातं, दुसऱ्या दिवशी मूल पायाला घट्ट विळखा घालतं.

घरी आल्यावर शेवटचं पान मुलाने करायचं. चित्र, रेघोट्या, दवाखान्यातला स्टिकर, काहीही. “काय चुकलं होतं आपल्या गोष्टीत?” असं विचारा आणि ते बदला.

चार आठवड्यांनंतरही रोज सकाळी पोटदुखी, उलटी, झोप उडणे, कपड्यात शू होणे चालूच असेल, किंवा प्रत्यक्ष काही इजा झाल्यानंतर भीती बसली असेल, तर मुलांच्या डॉक्टरांशी बोला. घरी भरपूर बोलणारं मूल तिथे महिनोन्‌महिने एक अक्षर काढत नसेल, तरीही. तपासणीला दुभाषा मिळेल का हे वेळ ठरवतानाच विचारा, आणि मोठ्या भावंडाला दुभाषा करू नका. आठ वर्षांच्या ताईवर तो भार नको.

एक दिवस मूल म्हणेल, “ही नको, दुसरी सांग.” तेव्हा ती गोष्ट फडताळात ठेवून द्या आणि पाहुण्यांसमोर बाहेर काढू नका.