रात्री लावलेली गाडी सकाळी सेल्फच घेत नाही

प्रश्न : माझी सहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे, इंदिरानगरहून रोज अंबडला कंपनीत नेतो. रात्री बेसमेंटला लावली की सकाळी नुसतं टक टक टक, जंपर लावला की लगेच सुरू होते. बॅटरी गेल्या दिवाळीलाच नवीन टाकलीये. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी चांगली आहे, गॅरेजवाला म्हणतो बॅटरीच बदला. काय करू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : दादा, परत बॅटरीला पैसे घालू नका. आधी एवढंच ठरवा की बॅटरी आपली आपण उतरतेय की गाडी रात्रभर तिच्यातून करंट खातेय. त्याला मीटरही लागत नाही, संध्याकाळी आल्यावर १० नंबरच्या पान्याने निगेटिव्हची केबल सोडवा, टर्मिनलला लागणार नाही अशी बाजूला ठेवा आणि सकाळी जोडून सेल्फ मारा. पॉझिटिव्हला हात लावायचा नाही, पाना बॉडीला टेकला की जोरात ठिणगी पडते. झटक्यात सुरू झाली तर बॅटरी ठणठणीत, दोष गाडीतच आहे. तरीही टक टकच असेल तर बॅटरीचा एखादा सेल गेलाय, नाहीतर ती पूर्ण चार्जच होत नाहीये, कारण इंदिरानगर ते अंबड हे अंतर तसं कमीच आणि त्यात एसी, लाइट, सिग्नलला थांबणं. (केबल काढली की घड्याळ शून्यावर जातं, काही स्टिरिओ कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा.)

साधा मल्टिमीटर असेल तर गाडी बंद करून काही तासांनी बघा, १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत, तिथेही १२ च्या आसपासच घुटमळत असेल तर डायनामो चार्जिंग देत नाहीये.

आता हिशोब बघा, कारण इथेच बरेच जण चुकीच्या मागे लागतात. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे एक अँपिअर करंट ओढला तर साधारण ३५ तास पुरेल एवढी. घड्याळ, लॉक, कॉम्प्युटर मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत खाल्लं तर ते नॉर्मल आहे, रात्रभरात अर्धा अँपिअर-तासच जातो. डिकीचा ५ वॉटचा दिवा रात्रभर जळत राहिला तरी चार-पाचच जातात, त्याने नवी बॅटरी एका रात्रीत बसत नाही. म्हणजे तुमची चांगली बॅटरी एका रात्रीत बसत असेल तर काहीतरी दोन-तीन अँपिअर ओढतंय, आणि एवढं मोठं लपून राहत नाही! ब्रेकलाइटचे २१ वॉटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर खातात, आणि पेडलच्या वरचा छोटा रबर स्टॉपर तुटला की ते बंदच होत नाहीत. आज रात्री लॉक करून बेसमेंटमध्ये आधी मागून गाडी बघा. डिकीत मोबाइल व्हिडिओ चालू करून ठेवा आणि झाकण लावा, दिवा विझतो की नाही ते दिसेल.

नंतर बाहेरून बसवलेलं सगळं आठवा, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, स्पीकरचा अँप्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा, स्टिरिओ. हे सगळं इग्निशनवर हवं, पण घाईत बऱ्याचदा कायम चालू राहणाऱ्या वायरवर टाकून देतात आणि मग चावी काढली तरी ते जागंच राहतं. कंपनीने बसवलेल्यापेक्षा माझा पहिला संशय नेहमी यांच्यावर असतो.

तरी सापडलं नाही तर मीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि सोडवलेली केबल यांच्या मधे जोडा. दारं-बॉनेट उघडी असतील तर लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवा म्हणजे गाडीला बंद वाटेल आणि अर्धा-पाऊण तास थांबा, लगेच दिसणारा आकडा खोटा असतो, कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा मोठाच राहिला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा धाडकन खाली येईल ती लाइन गुन्हेगार, मग त्या लाइनवरचे रिले (करंटवर चालणारे स्विच) चिकटलेत का तेही बघा. सगळे फ्यूज काढूनही तसाच राहिला तर डायनामोचा डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) लीक असू शकतो, रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन गार आणि डायनामो मात्र कोमट लागला तर तोच. दुरुस्ती मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि त्याला मीटरवरचा आकडा सांगा, "बॅटरी उतरते" एवढंच सांगितलं की तो परत बॅटरीच बदलायला लावेल.

प्रश्न : आम्ही तीन आठवडे गावाला गेलो, आल्यावर गाडी बंद. हाही फॉल्टच का? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही ताई. वरचाच ५० मिलिअँपिअरचा हिशोब धरला तर दिवसाला सव्वा अँपिअर-तास जातो, दोन आठवड्यांत छोटी बॅटरी निम्मी होते, आणि जुनी असेल किंवा डिसेंबर-जानेवारीची आपल्याकडची थंडी असेल तर त्याच्याही आधी दम तोडते. जाताना निगेटिव्ह केबल काढून जा, फक्त लॉक चावीने उघडतंय ना ते आधी बघून घ्या, कारण रिमोट चालणार नाही.