शिकलेली माणसेही रोजचे नियम सर्रास का मोडतात?

नियम माहीत असूनही शिकलेली माणसे ते सर्रास का मोडतात आणि हा संस्कारांचा दोष मानावा का, असे आपण विचारले आहे. संस्कारांचा वाटा मी नाकारत नाही. परंतु नियम मोडल्यावर काही होते का आणि आजूबाजूचे लोक काय करतात, यावर माणसाचे वागणे अधिक ठरते, असे माझे ठाम मत आहे.

रेमंड फिस्मन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रसंघाशी संबंधित राजनैतिक अधिकाऱ्यांच्या वाहनांचा अभ्यास केला होता. राजनैतिक संरक्षणामुळे त्यांच्याकडून पार्किंगचा दंड वसूल होत नसे, आणि १९९७ ते २००२ या काळात न भरलेल्या दंडाच्या पावत्या दीड लाखांवर गेल्या. ज्या देशांत भ्रष्टाचार अधिक, तेथील अधिकाऱ्यांच्या नावे अशा पावत्याही अधिक होत्या, म्हणजे संस्कृतीचा प्रभाव होताच. मात्र २००२ च्या अखेरीस थकबाकीदारांच्या राजनैतिक नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार शहराला मिळाला आणि हे प्रकार सुमारे ९८ टक्क्यांनी घटले. एवढ्या अल्पावधीत कोणाचेही संस्कार बदललेले नव्हते.

सिग्नलवर लाल दिवा लागलेला असतो, आडव्या रस्त्यावर एकही वाहन नसते आणि एक जण पांढऱ्या पट्ट्याच्या आत थांबतो. मागचा हॉर्न वाजवू लागतो, दुसरा त्याला वळसा घालून निघून जातो, तिसरा जाताजाता त्याच्याकडे रागाने पाहतो. शेवटी तो आरशात एकदा पाहून हळूच क्लच सोडतो. नियम पाळणाऱ्यालाच अपराध्यासारखे वाटावे, ही गोष्ट मला नियम मोडण्यापेक्षाही गंभीर वाटते, कारण अशी माणसे एकेक करून गळत जातात आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही.

यावर दंड वाढवण्याचा उपाय नेहमी सुचवला जातो. शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची खात्री गुन्ह्याला अधिक आवर घालते, हे इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ मध्येच मांडले होते. दंड जबर असला, पण तो वर्षातून एखाद्यालाच आणि तोही ओळखपाळख नसलेल्यालाच भरावा लागत असेल, तर लोक नियमाचा नव्हे, ओळखीचा आधार शोधतात. मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोतील रहिवाशांच्या मुलाखतींवरून असे दाखवले की, यंत्रणा न्याय्य वागते असा विश्वास असलेले लोक कायदा अधिक पाळतात आणि त्यामागे शिक्षेच्या भीतीपेक्षा हा विश्वास प्रबळ असतो. अधिकाऱ्याचीच गाडी ‘नो पार्किंग’च्या फलकाखाली उभी दिसली, तर तो विश्वास राहणार कसा?

निरर्थक झालेले नियमही वेळीच मागे घेतले पाहिजेत. रस्त्याचे काम संपून महिने उलटले, तरी ‘वेग ताशी २०’ हा फलक तसाच राहतो आणि कोणीच तो पाळत नाही. पुढे शाळेसमोर तोच आकडा लिहिलेला असतो. तिथेही कोणाचा पाय ब्रेककडे जात नाही.