तिला एकच डोस, मला सात दिवस का?

"तिला दोन गोळ्या देऊन मोकळं केलं आणि मला आठवडाभर. तिचा आजार अर्धवट राहिला तर बाळाचं काय, मॅडम?"

तिशीतला तरुण, पत्नीला पाचवा महिना. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) लघवीला जळजळ, सकाळी चिकट स्राव. लघवीच्या पीसीआर तपासणीत (यात जंतूंचे जनुकीय अंश शोधतात) क्लॅमिडिया निघाला, गनोरिया नाही; दोन्ही लैंगिक संबंधातून पसरणारे जंतुसंसर्ग. त्याला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. तिला अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या दोन गोळ्या एकदम.

जोडप्यांमध्ये ही शंका हमखास येते. क्लॅमिडियाचे जंतू पेशीच्या आत शिरून सावकाश वाढतात, त्यामुळे औषध बरेच दिवस अंगात टिकावं लागतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन पेशींत साठतं आणि एका डोसनंतरही काही दिवस काम करत राहतं. डॉक्सिसायक्लिन लवकर उतरतं, म्हणून दर बारा तासांनी गोळी. तिचा डोस एकदाच असला तरी तो पूर्ण उपचारच आहे.

मग दोघांना एकच औषध का नाही? गरोदरपणाच्या या टप्प्यात डॉक्सिसायक्लिन टाळतात, बाळाचे दात कायमचे पिवळट होऊ शकतात. एरवी मात्र पहिली पसंती डॉक्सिसायक्लिनलाच. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्ये तसा बदल केला. गुदमार्गातल्या संसर्गावर अ‍ॅझिथ्रोमायसिन बरंच कमी पडतं, हे त्यामागचं मोठं कारण.

बोलता बोलता खरी अडचण बाहेर आली. चौथ्या दिवसापासून त्याने गोळ्या सोडल्या होत्या. स्राव थांबला होता आणि छातीत आग होत होती. रात्रीची गोळी तो घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवा व्हायचा. अशाने गोळी अन्ननलिकेत अडकते आणि तिथेच भाजते. त्यावर त्याने अँटासिड सुरू केलं, तेही गोळीबरोबरच! अँटासिड डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवतं, म्हणजे जे पोटात जात होतं तेही पुरतं लागू पडत नव्हतं. पत्नीच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तेच, घरात आहेत म्हणून सोबत घेऊ नयेत. मध्ये किमान दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

डॉक्टरांनी कोर्स पहिल्या दिवसापासून पुन्हा दिला. जेवणानंतर, मोठा पेलाभर पाणी, पुढे निदान अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं. कडक उन्हात फिरणं टाळायचं, त्वचा भाजल्यासारखी होते. तिला गोळ्यांनंतर दोन तासांत उलटी झाली असती तर डोस पुन्हा लागला असता, तसं झालं नव्हतं. मधल्या दिवसांत संबंधही आला नव्हता, नाहीतर तिचाही उपचार नव्याने करावा लागला असता. आता त्याचा सातवा दिवस पुरा होईपर्यंत संबंध नाही, कंडोम लावूनही नाही.

उठता उठता त्याने हळूच विचारलं, "हे आलं कुणाकडून?" रिपोर्टवरून ते सांगता येत नाही. क्लॅमिडिया लक्षणांशिवाय कित्येक महिने राहतो, बायकांमध्ये तर बहुतेकदा कळतही नाही. गेल्या दोन महिन्यांत आणखी कुणाशी संबंध आला असेल तर त्या व्यक्तीलाही कळवणं गरजेचं आहे. तोंडाने सांगणं जड जात असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, समुपदेशक मदत करतात, १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोनही करता येतो.

पत्नीची तपासणी उपचारानंतर चार आठवड्यांनी ठरली. त्याआधी केली तर मेलेल्या जंतूंमुळेही रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि नाहक घाबरायला होतं. तीन महिन्यांनी दोघांचीही पुन्हा तपासणी आहे.